कूलर लावू नका, इन्स्टॉल सुरू आहे

लॅपटॉपला ताप चढला की त्याला कूलरसमोर ठेवायचं, ही पद्धत आमच्या नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरात मी पाडली. मे महिन्यात माणसं जे करतात तेच यंत्रानं करावं, एवढा साधा विचार होता. खिडकीतल्या लोखंडी कूलरच्या तोंडापुढं एक पाट मांडायचा, पाटावर लॅपटॉप, आणि त्याची कूस हवेच्या बाजूला करून द्यायची. आई म्हणायची, "पोराले इतकी हवा घातली असती तं बरं झालं असतं." मी दुर्लक्ष करायचो. लॅपटॉप गार राहायचा, पंखा घरघरायचा थांबायचा, आणि आपल्याला तांत्रिक डोकं आहे याबद्दल माझी खात्री पक्की व्हायची.

कूलर नुसती हवा फेकत नाही, हे नागपुरात जन्म काढलेल्या माणसाला सांगायची गरज नसते. वाळ्याच्या ताट्यांमधून पाण्याचे बारीक कण येतात. ते तोंडावर आले की बरं वाटतं. आमच्याकडं पाणी बोअरचं, म्हणजे त्यात क्षार इतके की चहाच्या भांड्याला आतून चुना लावल्यासारखा थर बसतो. तसाच थर लॅपटॉपच्या त्या बाजूच्या दोन्ही यूएसबी खाचांमध्ये बसला. एके दिवशी पेनड्राइव्ह लावला तर मशीनला पत्ताच नाही. दुसऱ्या बाजूला एक खाच शिल्लक होती. तिच्यात मी त्याच रागात पेनड्राइव्ह उलटा घुसवला. तो जाईना तेव्हा जोर लावला. आतली पट्टी तुटून बाहेर आली. सीडीचा कप्पा तर मी फार आधीच काढून ठेवला होता, लॅपटॉप हलका व्हावा म्हणून. त्या भोकाला संत्रा बर्फीच्या डब्याचा पुठ्ठा कापून लावलाय. बॅटरीही मेलेली, कारण ती वर्षभर चार्जिंगलाच लावून ठेवली की जास्त टिकते असं मला वाटायचं. तळाच्या स्क्रूंची डोकी मी चुकीच्या पेचकसानं घासून इतकी गुळगुळीत केली होती की आता तो डबा उघडायला लोहारच लागला असता.

हे सगळं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे झालं त्यात मशीनचा दोष शोधायला कोणी जाणार नाही.

या लॅपटॉपवर लिनक्स होतं. लॅपटॉप चालवणारी मूळ प्रणाली जी असते, तिचा हा फुकटातला प्रकार. म्हाताऱ्या मशीनवर बरा चालतो. खाचा जिवंत होत्या तेव्हा पेनड्राइव्हवरून मीच तो चढवला होता. मी पाटबंधारे खात्यात कारकून. कचेरीत कोणाचा प्रिंटर अडला तरी मला हाक मारायचे, आणि मी जाऊन तो बंद करून चालू करायचो. एवढ्या भांडवलावर घरात मी इंजिनिअर होतो.

आता लॅपटॉपवर काय होतं ते सांगायला पाहिजे.

माझी बायको शिक्षिका. तिची पहिली नोकरी नरखेड तालुक्यातल्या तिच्या माहेराजवळच्या शाळेत होती. तिथं तिच्या वर्गात एक मुलगी होती, जन्मापासून न दिसणारी. शाळा सुटली, बायकोची बदली नागपूरला झाली, पण ती मुलगी सुटली नाही. ती बी.ए.ला गेली, इतिहास घेतला, आणि इतिहासाची पुस्तकं तिला वाचून दाखवणारं गावात कोणी नव्हतं. मग बायको ती पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायला लागली आणि ती मुलगी फोनवर ऐकायला लागली. दर परीक्षेचं हेच. मी एक माइक आणून दिला होता. तो गोल पिनेचा होता, म्हणून अजून चालत होता.

कूलर सुरू असला की रेकॉर्डिंगमध्ये पिठाची गिरणी ऐकू येते. म्हणून बायको आतल्या खोलीत दार लावून वाचायला बसली की कूलर बंद. भर दुपारी, मे महिन्यात. ती आत घामानं ओली होऊन वसईचा तह वाचायची, मी आणि आई बाहेरच्या खोलीत ओला पंचा डोक्यावर घेऊन गप्प बसायचो. आई शब्द काढायची नाही. नातीसारखी वाटायची तिला ती मुलगी. पण मधूनच तिला उचकी लागायची, किंवा मला शिंक यायची, किंवा स्वयंपाकघरात कुकर शिट्टी द्यायचा, आणि ते सगळं इतिहासात जायचं.

एकदा मी हे रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं आणि मला स्वच्छतेची उबळ आली.

"हे असंच पाठवतेस तिला?" मी म्हणालो. "मागं लॅपटॉपचा पंखा ऐकू येतो. माझी शिंक आहे यात."

"मग काय झालं? तह पण आहे ना त्यात?"

"मी साफ करून देतो. एक प्रोग्रॅम आहे."

"अहो, तिनं तक्रार केली का कधी?"

"करणार कशी? भिडस्त पोरगी आहे."

पहिल्या पेपरचे पाठ मी घाईत साफ करून पाठवले. दुसऱ्या पेपरला मात्र मला कला दाखवायची होती. एकदा साफ केलं, ते आवडलं नाही. पुन्हा केलं. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी मूळ पाठांची पूर्ण नक्कल करून तिच्यावर हात फिरवायचो. लॅपटॉपवर चार फोल्डर तयार झाले: 'मूळ', 'साफ', 'जास्त साफ' आणि 'फायनल'. मराठीच्या अभिमानानं नावं देवनागरीत दिली होती. या अभिमानाकडं लक्ष ठेवा.

बायको रोज विचारायची, "पाठवलं का?" मी म्हणायचो, "थोडी धार राहिली."

पेपर परवावर आला तेव्हा त्या प्रोग्रॅमनं मला सांगितलं की त्याची नवीन आवृत्ती आली आहे. शहाण्या माणसानं परीक्षा होऊ दिली असती. मी नुसता प्रोग्रॅमच नाही, तर पूर्ण लिनक्सच नवीन करायला घेतलं. अर्ध्यात आलं असेल, तेवढ्यात आईला उकडायला लागलं आणि तिनं कूलर लावला.

आमच्या कूलरची मोटर जुनी आहे. ती सुरू होताना घरातली ट्यूबलाइट एकदा डोळा मिचकावते. बॅटरी मेलेला लॅपटॉप डोळा मिचकावत नाही, मिटतो. मी पुन्हा सुरू केला तर काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. चित्रं नाहीत, माउसचा बाण नाही, काही नाही. नुसती एक चौकट लुकलुकत होती, मी काहीतरी बोलावं याची वाट पाहत.

"आई, कूलर कशाला लावला?"

"काहून गा? मले काय माहीत तुह्या डब्याले हवा चालत नाही! कालपर्यंत तं त्याच्याच पुढं निजवून राहिला होता त्याले."

मी उठून कूलर बंद केला.

त्याच वेळी मुलीचा फोन आला. बायकोनं तो स्पीकरवर टाकला, माझ्याकडं बघत.

"मॅडम, दुसऱ्या पेपरचं अजून आलं नाही जी. पहिला तं झाला. परवा दुसरा आहे न."

"येतं बेटा. सर करून राहिलेत."

"सर करून राहिले का? झालं मंग," मुलगी म्हणाली. माझ्यावर एवढा विश्वास ठेवणारी ती जगात एकटी उरली होती. आता वाटतं, मला कधी काम करताना पाहिलं नव्हतं म्हणून असेल.

फोन ठेवल्यावर बायको माझ्यासमोर बसली. चिडली की ती नागपूरची राहत नाही, नरखेडची होते.

"गेलं का सगळं?"

"नाही, नाही. पाठ आत सुखरूप आहेत. फक्त दिसत नाहीत."

"तिलेही दिसत नाही. तिले ऐकायचे आहेत. कसे काढता?"

सगळा पेपर पुन्हा वाचायचा तर तिचा घसाही पुरला नसता आणि वेळही. मुलीला ऐकायलाही वेळ हवा होता. डबा उघडून डिस्क काढावी तर स्क्रू. नवीन लिनक्स चढवावं तर पेनड्राइव्हला खाच नाही, सीडीला कप्पा नाही, तिथं बर्फीचा पुठ्ठा. बाहेरून आत शिरायचं एकेक दार मीच लिंपून ठेवलं होतं.

पण फोनवर शोधता शोधता मला एक वाट सापडली. बाहेरून काहीच न लावता, लॅपटॉपच्या स्वतःच्या पोटातूनच लिनक्स नव्यानं चढवता येतं. माझ्या डिस्कचे दोन भाग होते. एका भागात लिनक्स राहायचं, ते आता मोडलं होतं. दुसरा भाग म्हणजे आमची कोठी, त्यात बायकोचे पाठ. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करता येत होते, आणि राउटरपासून येणारी इंटरनेटची तार लावायचं भोक शाबूत होतं. त्या तारेनं लिनक्स बसवणारी एक भलीमोठी फाइल डिस्कवर उतरवायची. मग लॅपटॉप सुरू होताना ग्रब नावाचा जो चौकीदार विचारतो की आज काय चालवू, त्याला सांगायचं की बाबा, आज ही फाइल चालव. म्हणजे पेनड्राइव्हचं काम डिस्कवरची फाइलच करणार.

"जमते?" बायकोनं विचारलं.

"शंभर टक्के," मी म्हणालो. आमच्या घरात या शब्दांचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. आईनं देवासमोरच्या दिव्यात तेल आहे का पाहिलं.

फाइल उतरली. चौकीदाराला समजावणं अवघड गेलं. तो डिस्क शून्यापासून मोजतो आणि डिस्कचे भाग एकापासून. असा हिशोब आमच्या खात्यात कोणी केला असता तर धरणाचं पाणी गावात आलं असतं. मी एकदा शून्य सांगितलं, एकदा एक, एकदा चुकून दोन, आणि दर वेळी तो मला 'असा भाग नाही' असं थंडपणे कळवून पुन्हा उभा राहिला. शेवटी जमलं. पडद्यावर रंग आले, माउसचा बाण आला, आणि 'लिनक्समध्ये आपलं स्वागत आहे' अशा अर्थाचं काहीतरी आलं.

मी चहा मागितला.

चहा येईपर्यंत मी 'जुनं पुसून नवीन चढवा' हे बटण दाबलं. मशीन म्हणालं, हा भाग पुसता येत नाही, तो वापरात आहे. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. कोण वापरतंय हे कळायला मला अर्धा कप चहा लागला. ती भलीमोठी फाइल मी त्याच मोडक्या भागात ठेवली होती. ज्या शिडीवर चढून उभा होतो तीच मी खालून उचलायला निघालो होतो.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"काही नाही. फाइल कोठीत हलवतो. दोन मिनिटं."

परत काळा पडदा. फाइल कोठीत हलवायला घेतली तर सुरुवातीलाच थांबली: जागा नाही. कोठी काठोकाठ भरलेली. कशानं? एकाच इतिहासाच्या चार नकला. तीन माझ्या स्वच्छतेच्या.

काहीतरी पुसणं भाग होतं. मी फोल्डरांची नावं मागितली, आणि काळ्या पडद्यानं मला पांढऱ्या चौकटी दाखवल्या. त्या पडद्याला देवनागरी येत नाही. जिथं अक्षर, काना, उकार, तिथं एकेक चौकट. चार ओळी, नुसत्या चौकटी. लांबलचक ओळ 'जास्त साफ'ची, हे कळलं. पाच चौकटींचं 'फायनल'. उरल्या दोन ओळी, दोन्हींत तीन-तीन चौकटी. 'मूळ' आणि 'साफ'. आकार पाहावा तर तोही जवळपास सारखाच, कारण आवाज धुतला म्हणून फाइल बारीक होत नाही. आणि या पडद्यावर पुसलेलं कचऱ्याच्या टोपलीत जात नाही. सरळ जातं.

मी बराच वेळ त्या चौकटींकडं पाहत बसलो. बायको मागून वाकली.

"हे काय?"

मी सांगितलं.

"तुमचं मशीन नावं कशी लावते? आधी कोणतं, मग कोणतं?"

"वर्णक्रमानं. ए, बी, सी..."

"आणि मराठी असलं तर?"

"तिथंही तसंच असेल. क, ख, ग."

"मग ज, फ, म, स," ती म्हणाली. "लांब ओळ पहिली आहे, ती ज. पाचची दुसरी, ती फ. बरोबर बसून राहिलं. मग तिसरी 'मूळ' आणि चौथी 'साफ'. हे तर पहिलीतली पोरंही सांगतील."

मी मान डोलावली, जणू मीही तिथंच येत होतो.

"तिसरं ठेवा," ती म्हणाली. "बाकी पुसा."

"पुसतो. साफ आणि जास्त साफ पुसतो. फायनल राहू दे."

"काहून?"

"अगं, महिन्याचे कष्ट आहेत त्यात."

"महिनाभर तं तुम्ही ते अडवूनच ठेवलं."

तरी मी फायनल ठेवून बाकी दोन पुसले. नाव टाइप करता येत नसल्यानं मशीनकडून प्रत्येक फोल्डरचा आतला नंबर मागून घेतला आणि नंबरानं हाक मारून पुसलं. फाइल पुन्हा हलवायला घेतली. या वेळी ती अगदी शेवटाला येऊन अडली, थोडक्यासाठी.  बायकोनं 'फायनल'च्या पाच चौकटींवर बोट ठेवलं. मी फायनल पुसलं. कीबोर्डवर एंटर दाबताना इतका हळू दाबला की आई म्हणाली, "मेलं का कोणी?"

फाइल कोठीत मावली.

आता उरली होती तिसरी ओळ, तीन चौकटी. ती 'मूळ' आहे, हे आम्ही वर्णमालेच्या भरवशावर मानलं होतं. आत बायकोचा आवाज आहे की माझी पहिली फसलेली धुलाई, हे मशीन उठल्याशिवाय कळणार नव्हतं.

चौकीदाराला नवा पत्ता दिला. पडद्यावर पुन्हा रंग आले. या वेळी मशीन नाही म्हणालं नाही. 'जुना भाग पुसला जाईल, नक्की ना?' असं विचारलं. इथं मी थांबलो आणि घरच्यांना गोळा केलं. आईला तिच्या खाटेवर बसवलं, बायकोला खुर्चीत.

"ऐका," मी म्हणालो. "आता हे जुनं लिनक्स पुसणार, त्यासोबत तो सुरुवातीचा चौकीदारही जाणार. नवा चौकीदार अगदी शेवटी बसतो. मधल्या वेळात हे बंद पडलं तर पुन्हा सुरू करायला आत कोणी नसेल. बाहेरून शिरायला दार नाही. पाठ आतच राहतील, आणि पेपर परवा आहे. तेव्हा होईपर्यंत कूलर लावायचा नाही. पंखाही नको. मिक्सर, फ्रिज, काहीच नाही."

"आणि लाइनच गेली तं?" आईनं विचारलं.

"इन्व्हर्टर आहे, पण तोही उठताना झटका देतो. तेव्हा लाइन जायला नको."

"हे कोणाले सांगायचं?" आई म्हणाली.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यांत कडक नऊ दिवस, सुरू होता. दारं-खिडक्या बंद करून पडदे ओढलेले, तरी फरशी चटका देत होती. मी बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी आली आणि डावीकडून उजवीकडं भरायला लागली, सरकारी कामाच्या गतीनं.

आम्ही तिघं पट्टीकडं पाहत बसलो. बायकोनं ताक आणलं. घाम हनुवटीवरून ताकात पडत होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "एक विचारू का?"

"विचार."

"ती एवढी मोठी फाइल तुम्ही त्या तारेनं आत आणली ना? राउटरच्या?"

"हो."

"मग त्याच तारेनं माझे पाठ बाहेर नसते का काढता आले?"

पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढं होती.

तारेनं आत येतं तसंच बाहेरही जातं. माझ्या फोनवर, तिच्या फोनवर, कुठंही. काळ्या पडद्यावरून एका हुकमाचं काम. सकाळीच झालं असतं. मुलगी एव्हाना अर्धा पेपर ऐकून बसली असती, आणि लॅपटॉपची दुरुस्ती मी दिवाळीपर्यंत केली असती तरी कोणी विचारलं नसतं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, कारण माझ्या डोक्यात दुरुस्ती होती.

"आता करता येतं का?" तिनं विचारलं.

"आता नाही. आता मध्येच उठता येत नाही."

 ताकाचा ग्लास उचलून तिनं दुसऱ्या हातात घेतला, एवढंच.

"काय म्हणून राहिली वं ती?" आईनं विचारलं.

"काही नाही आई. यायनं नदी पार करायले पूल बांधला. नदीत पाणी नव्हतं."

तेवढ्यात लॅपटॉपचा पंखा किंचाळायला लागला. मी तळाला हात लावला आणि लगेच काढला. खूप तापला की हा स्वतःहून बंद पडतो, जीव वाचवायला. आजपर्यंत मी त्याला अशा वेळी कूलरसमोर ठेवत आलो होतो. मी पंचा ओला करायला धावलो.

"थांबा!" बायको ओरडली. "पाणी? पुन्हा?"

मी पंचा हातात घेऊन उभा राहिलो. खाटेवरून आई उठली. तिच्या हातात ताडाच्या पानाचा पंखा होता, जो ती दुपारभर स्वतःला घालत होती. तिनं पाट ओढला, लॅपटॉपच्या बाजूला बसली आणि त्याला वारा घालायला लागली.

"लहानपणी तुले घातली हवा," ती म्हणाली, "आता तुह्या डब्याले घालतो."

बायकोनं लॅपटॉप अलगद उचलून स्टीलच्या थाळ्यावर ठेवला, उलट्या वाट्यांवर टेकवून, म्हणजे खालूनही हवा जाईल. मी कचेरीतल्या फायलीचा पुठ्ठा घेऊन दुसऱ्या बाजूनं वारा घालायला लागलो. दुपारी बेल वाजली असती आणि कोणी दार उघडून पाहिलं असतं, तर घामानं निथळणारी तीन माणसं बंद कूलरशेजारी बसून एका लॅपटॉपला थाळीत ठेवून पंखा घालताहेत असं दिसलं असतं. नैवेद्यच वाटला असता.

पंख्याची किंचाळी थोडी खाली आली. पट्टी हलत राहिली. शेजारच्या घरचा कूलर सुरू झाला तेव्हा आमची तिघांचीही मान ट्यूबलाइटकडं वळली. ती जळतच राहिली. आईचा हात दुखायला लागला तसा बायकोनं पंखा घेतला, मग पुन्हा आईनं. शेवटी पडद्यावर आलं की नवा चौकीदार बसवतोय. मग आलं की झालं, मशीन पुन्हा सुरू करा.

सुरू केलं. उठलं. नवंकोरं, निळं, रिकामं. मी कोठी जोडली आणि उघडली. इथं देवनागरी दिसत होती. एकच फोल्डर होता. 'मूळ'.

बायकोनं स्वतः बोट पुढं करून पहिली फाइल लावली. आधी पंख्याची घरघर. मग तिचा आवाज, "पाठ पहिला." मग लांबून कुकरची शिट्टी. त्यानंतर आईचं, "भात लागला वाटते," अगदी स्पष्ट. मी हे तीन वेळा पुसलं होतं.

"पाठवा," बायको म्हणाली. "जसं आहे तसं. कशालाही हात न लावता."

सगळे पाठ पाठवले. शेवटचा पोचला तशी मुलीच्या फोनवरून खूण आली. त्याबरोबर आईनं कूलरचं बटण दाबलं. ट्यूबलाइटनं डोळा मिचकावला आणि लॅपटॉप बंद पडला. पडू दिला.

पेपर झाल्यावर संध्याकाळी मुलीचा फोन आला. बायकोनं स्पीकरवर टाकला.

"मस्त गेला मॅडम! देवगावचा तह आला होता. लिहिणाऱ्या पोरीले पटापट सांगतला म्या."

"आठवला सगळा?"

"हो ना. सर शिंकले ना, त्याच्या पुढचंच आहे ते. आणि वसईचं आजी 'भात लागला' म्हणते त्याच्या मागून येते. मले तसंच ध्यानात राहते. शिट्टी झाली की कोणतं, उचकी लागली की कोणतं."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं.

"आणि पहिला पेपर?" तिनं विचारलं.

 "तो निघून जाईन तसा. सरांले नका सांगू, पण त्याच्यात ना काहीच नव्हतं मॅडम. नुसत्या तुम्ही, आणि तेही विहिरीत बसून बोलून राहिल्या असं वाटे. कुठं काय होतं ते समजूनच नाही राहिलं. दोन-तीनदा ऐकलं तरी सगळं एकसारखं."

"मग सांगितलं का नाही गं?"

"सरांनी मेहनत केली होती ना. वाईट वाटलं असतं त्यायले."

भिडस्त पोरगी आहे, हे मी म्हणालोच होतो. तेवढं एक माझं खरं निघालं.

पहिल्या पेपरातही ती सुटली, जेमतेम. आता एम.ए.ला आहे. पुस्तकं जाड झालीत, त्यामुळं बायको उन्हाळाभर वाचत असते. लॅपटॉप कूलरपासून लांब, कोनाड्यात असतो, आणि साफ करायचा प्रोग्रॅम मी पुन्हा चढवलेला नाही. ती आत दार लावून बसली की आई कूलर बंद करते. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत डोक्यावर ओला पंचा घेऊन बसतो, आणि शिंक आली तर मी दाबत नाही.